आवाज कुणाचा?

मेहकरात कुणाच्याही घरी जुन्या रेडिओचा विषय निघाला, की पन्नाशी ओलांडलेली माणसं हमखास म्हणतात, "तसा आवाज आता येत नाही." खरंच येत नाही. बटण फिरवल्यावर आधी काहीच व्हायचं नाही. मग डायलमागचा दिवा पिवळा व्हायचा, आतल्या काचेच्या नळ्या, म्हणजे व्हॉल्व्ह, तापायचे आणि नागपूर केंद्राच्या निवेदकाचा आवाज भरत भरत ओसरीत यायचा. नागपूरचं आकाशवाणी केंद्र 1948 चं, विविध भारती 1957 ची. घाटावरच्या आमच्या गावातल्या वीज आलेल्या घरांना दोन्ही भेटली ती लाकडी पेटीतून, आणि त्या पेटीतला आवाज ज्यांनी लहानपणी ऐकला, त्यांच्या कानात तो कायमचा बसला.

हा आवाज व्हॉल्व्हचा, असं सगळेच धरून चालतात. मी बरीच वर्षं या छंदात आहे, व्हॉल्व्हचं मशीन, म्हणजे ॲम्प्लिफायर, घरी आहे, आणि आता मला खात्रीनं सांगता येतं की तो नुसत्या व्हॉल्व्हचा कधीच नव्हता. व्हॉल्व्ह, त्याच्यापुढचा ट्रान्सफॉर्मर, कागदी कोनाचा स्पीकर आणि मागून उघडी असलेली लाकडी पेटी, या सगळ्यांचा मिळून तो आवाज होता. म्हणूनच हल्ली वडिलांच्या रेडिओच्या ओढीनं एखादा माणूस व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर मागवतो, त्याला घरातले नव्या जमान्याचे छोटे स्पीकर जोडतो, आणि समोर येतं ते भलतंच काही तरी. आवाज दबलेला, थकलेला. तो माणूस मग व्हॉल्व्ह बदलतो. महागडे, परदेशी, सोनेरी पायांचे व्हॉल्व्ह आणतो. खरा प्रश्न मात्र स्पीकरपाशी असतो.

त्या रेडिओच्या पोटात काय चालायचं ते बघण्यासारखं आहे. शेवटचा, म्हणजे स्पीकर हलवणारा व्हॉल्व्ह बहुतेक वेळा ईएल 84 किंवा त्याच्या घराण्यातला असायचा. त्याच्या प्लेटवर 250 व्होल्ट आणि त्यातून वाहणारा प्रवाह जेमतेम 48 मिलिअँपिअर. दाब भरपूर, ओघ किरकोळ. स्पीकरच्या कॉईलला नेमकं याच्या उलट हवं असतं. दोन-चार व्होल्ट तिला पुरतात, पण प्रवाह दणकट लागतो. विहिरीतला दगड हलवताना माणूस पहारीचं लांब टोक हातभर खाली दाबतो आणि दगड बोटभर उचलला जातो. हातभराच्या हलक्या दाबाचं बोटभराच्या भारी जोरात रूपांतर होतं. आउटपुट ट्रान्सफॉर्मर ही तीच पहार आहे. ईएल 84 ला समोर सुमारे 5200 ओहमचा भार दिसायला हवा, तरच तो आपले पाच-साडेपाच वॅट नीट देतो. स्पीकर तर 8 ओहमचा. 5200 भागिले 8 म्हणजे 650, आणि त्याचं वर्गमूळ साधारण 25. व्हॉल्व्हकडच्या गुंडाळीचे, म्हणजे प्रायमरीचे, 25 वेढे तर स्पीकरकडच्या सेकंडरीचा 1, असं ते प्रमाण ठरतं. आठऐवजी चार ओहमचा स्पीकर त्याच तारांना जोडला तर व्हॉल्व्हला निम्माच भार दिसतो. मशीन बंद पडत नाही, पण ताकद घटते, आवाज फाटू लागतो, आणि माणसाला वाटतं व्हॉल्व्ह म्हातारा झाला.

त्या रेडिओची दुसरी गंमत आतल्या रोधाची. ईएल 84 सारखा पेंटोड व्हॉल्व्ह फीडबॅकशिवाय (त्याविषयी पुढे) चालवला, तर ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडून बघणाऱ्या स्पीकरला तो 50-60 ओहमचा स्रोत वाटतो. याचा अर्थ, कोन एकदा हलला की त्याला आवरून धरणारं विजेच्या बाजूनं फारसं कुणी नाही. प्रत्येक स्पीकरचा एक स्वतःचा सूर असतो, ज्या सुरावर तो सगळ्यात मोकळा हलतो. आठ इंची कागदी कोनाचा हा सूर खर्जात असतो, आणि रेडिओत तो सूर आपोआप उचलला जायचा. त्यात पेटीचं लाकूड मिसळायचं. बातम्या वाचणाऱ्या माणसाच्या छातीतून जो भारदस्त घुमारा यायचा, तो बराचसा इथून यायचा. शास्त्राच्या कसोटीवर ही त्रुटीच आहे. पण ज्यानं ती पेटी बांधली त्याला ही त्रुटी ठाऊक होती. लाकडाची जाडी, कोनाचा कागद, कापडाची जाळी हे सगळं त्यानं त्या घुमाऱ्याच्या हिशेबानं निवडलं होतं. त्याहून जुन्या रेडिओंत तर स्पीकरला कायमचं चुंबकही नसायचं. विजेची मोठी गुंडाळी चुंबकाचं काम करायची आणि तीच गुंडाळी रेडिओच्या वीजपुरवठ्यातली गुणगुण गाळायची. स्पीकर काढला तर रेडिओच मुका. यंत्र आणि स्पीकर यांची फारकत करता येते ही कल्पनाच त्या मांडणीत नव्हती.

मुळात ही दोन भावंडं एकत्रच जन्माला आली. आज जगभर वापरला जातो तो हलत्या कॉईलचा स्पीकर चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकच्या दोघा अभियंत्यांनी 1925 मध्ये मांडला. तो बाजारात आला तेव्हा त्याच्या पेटीतच त्याचा स्वतःचा ॲम्प्लिफायर होता. ताकद एक वॅट. हा एक वॅट लक्षात ठेवावा असा आहे, कारण घरात ऐकण्याचा सगळा मामला त्याच्याच आसपास चालतो.

जोडी जमवण्याचं हे शास्त्र मी पुस्तकांतून वाचलं, पण ते अंगात मुरवलेली माणसं मला गावातच भेटली. एक मंडप-लाउडस्पीकरवाले. शारंगधर बालाजीची मूर्ती 1888 मध्ये आमच्या गावात जमिनीतून निघाली, तेव्हापासून या गावाला उत्सवांची कमी नाही, आणि उत्सव म्हटला की पोंगे, म्हणजे कर्णे, आले. मी त्यांच्याकडे गेलो की ॲम्प्लिफायरच्या वॅटची चौकशी आधी करायचो. त्यांचं म्हणणं ठरलेलं होतं.

"मशीन कितीचं हाय ते नका इचारू, भाऊ. पोंगा कोन्ता हाय ते सांगा."

पोंग्याच्या मागचं युनिट बहुधा 16 ओहमचं. दोन पोंगे शेजारी जोडले की 8, चार जोडले की 4. मशीनच्या मागे 4, 8 आणि 16 अशी टोकं असतात, त्यातलं नेमकं कुठलं घ्यायचं हे ते न थांबता सांगायचे. व्हॉल्व्हच्या मशीनचा एक नियम तर त्यांनी पोरापोरांना पाठ करून घेतला होता. आधी पोंगा जोडायचा, मग वीज द्यायची. ट्रान्झिस्टरच्या मशीनला स्पीकरच्या तारा एकमेकींना चिकटण्याचं भय असतं. व्हॉल्व्हच्या मशीनला उलट भय आहे, तार सुटलेली असण्याचं. भार नसताना जोरात आवाज सोडला, तर ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीत हजार-हजार व्होल्टांचे धक्के उठतात आणि आतलं इन्शुलेशन फुटतं. जळक्या वार्निशचा वास आला की समजावं, ट्रान्सफॉर्मर गेला.

तंबूतल्या सिनेमाचंही हेच होतं. पडद्यामागे एखाद-दोन कर्णे, प्रोजेक्टरशेजारी व्हॉल्व्हचं मशीन, आणि शेकडो माणसांना संवादातला शब्दन् शब्द ऐकू जायचा. 1930 च्या दशकात मोठमोठ्या शहरांतल्या थिएटरांतही आजच्या हिशेबानं हास्यास्पद वाटावेत इतकेच वॅट असत. वेस्टर्न इलेक्ट्रिकचा 300 बी हा त्या काळचा नामांकित व्हॉल्व्ह, थिएटरसाठीच्या मशीनांमधून पुढे आलेला. तो एकटा देतो कमाल आठ-दहा वॅट. एवढ्यावर सभागृह भरायचं, कारण समोर कर्णा होता. कर्ण्याचं अरुंद तोंड आणि हळूहळू रुंदावत जाणारं पात्र हवेला पकडून हलवतं. उघडा कोन हवेत नुसता पुढे-मागे होतो आणि दिलेल्या विजेतला शेकडा एखादा भागच आवाज म्हणून बाहेर टाकतो. बाकीची उष्णता. स्पीकरची ही उधळपट्टी किती मोठी आहे हे पहिल्यांदा समजलं, तेव्हा मी ॲम्प्लिफायरचे वॅट मोजणं सोडून दिलं.

स्पीकरचा एक आकडा प्रत्येक खरेदीदारानं आधी विचारावा. एक वॅट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल? याला त्याची संवेदनशीलता म्हणतात. हा आकडा एखाद्याचा 85 असतो, एखाद्याचा 95. दहाचा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण डेसिबलच्या गणितात दर तीन डेसिबलला ताकद दुप्पट लागते आणि दहाला दहापट. म्हणजे 95 वाल्याला जे काम एका वॅटमध्ये होतं, त्याला 85 वाला दहा वॅट मागतो. माझ्या बैठकीच्या खोलीत मी स्पीकरपासून अडीचेक मीटरवर बसतो. रात्री शांतपणे गाणं ऐकताना 95 वाल्या जोडीला सरासरी एका वॅटचा तिसावा भागही लागत नाही. गायक एकदम वरच्या षड्जावर गेला किंवा तबल्यानं सम ठोकली, तर क्षणभर वॅटभर. पाच वॅटच्या मशीनला हे सहज पेलतं, वर शिल्लक राहते. तेच मशीन 85 ला जोडा, समेला दहा वॅट हवेत आणि आहेत पाच. व्हॉल्व्ह त्या क्षणी आवाजाचं डोकं दाबून टाकतो. आधी म्हटला तो दबलेला, थकलेला आवाज हाच.

मग कमी संवेदनशील स्पीकर जगात आले कशाला? याचं उत्तर 1954 मध्ये आहे. एडगर विल्चर या अमेरिकी गृहस्थानं एआर 1 नावाचा स्पीकर काढला. बंद पेटी, आत कोंडलेल्या हवेचीच स्प्रिंग, आणि एवढ्याशा खोक्यातून खर्ज मात्र भल्या मोठ्या पेटीसारखा. फार बुद्धिमान रचना आहे ती, आणि तिचा मला आदर आहे. पण खर्ज खोल हवा, पेटी लहान हवी आणि संवेदनशीलताही भरपूर हवी, या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. दोन घ्याव्या आणि तिसरी सोडावी, हा पदार्थविज्ञानाचा नियम कुणालाच चुकवता आलेला नाही. विल्चरनं तिसरी सोडली. पुढे ट्रान्झिस्टरनं वॅट स्वस्त केले, शंभर वॅट म्हणजे किरकोळ बाब झाली, आणि सगळे स्पीकर त्या वाटेनं गेले. शहरातल्या छोट्या फ्लॅटमध्ये ते शहाणपणाचंही होतं. मेहकरसारख्या ठिकाणी, जिथे बैठकीत कमरेएवढी पेटी उभी करायला अजून जागा आहे, तिथे लहान पेटीच्या सोयीसाठी आपण ती तिसरी गोष्ट का सोडावी, हे मला पटत नाही.

आता एक अवघड मुद्दा, आणि यावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण विकणारे याबद्दल बोलत नाहीत. स्पीकरवर छापलेला 8 ओहम हा आकडा एक समजूत आहे. प्रत्यक्षात तो सुरागणिक बदलतो. कोनाच्या स्वतःच्या खर्जातल्या सुरावर तो तीसच्या वर चढतो, मधल्या पट्टीत कुठे चारपर्यंत उतरतो, आणि दोन-तीन स्पीकरांमध्ये आवाज वाटून देणाऱ्या क्रॉसओव्हरमुळे त्यात आणखी खाचखळगे पडतात. ट्रान्झिस्टरच्या मशीनला याचं सोयरसुतक नसतं, कारण त्याचा आतला रोध शून्याच्या जवळ असतो. व्हॉल्व्हच्या मशीनला असतं. माझ्या मशीनचा आतला रोध अडीच ओहमच्या आसपास आहे. हिशेब मांडला तर, जिथे स्पीकर 32 ओहम आहे तिथे आवाजाला मिळणारा वाटा आणि जिथे 4 ओहम आहे तिथे मिळणारा वाटा, यांत साडेतीन डेसिबलांचा फरक पडतो. कानाला तो स्पष्ट जाणवतो. म्हणजे काय होतं, तर स्पीकरच्या ओहमचा आलेख गाण्यावर उमटतो. एका स्पीकरवर तोच ॲम्प्लिफायर गोड वाटतो, दुसऱ्यावर खर्जात फुगतो, तिसऱ्यावर गायकाचा आवाज मागे ढकलतो. तिघे ऐकणारे तीन मतं देतात, तिघेही प्रामाणिक असतात, आणि तिघेही व्हॉल्व्हविषयी बोलतो आहोत असं समजतात.

यावर उपाय शोधला गेला. हॅरल्ड ब्लॅक या बेल लॅबमधल्या तरुणाला 1927 च्या ऑगस्टमध्ये फेरीबोटीनं कामावर जाताना निगेटिव्ह फीडबॅक सुचला, आणि त्यानं तो हातातल्या वर्तमानपत्राच्या पानावर मांडून ठेवला. बाहेर पडणाऱ्या आवाजाचा थोडा अंश उलटा करून आत आणायचा, म्हणजे यंत्र आपली चूक आपणच दुरुस्त करतं. आतला रोधही त्यानं खाली येतो. 1947 मध्ये 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात डी. टी. एन. विल्यमसन यांनी एका ॲम्प्लिफायरची रचना प्रसिद्ध केली. पंधरा वॅट, भरपूर फीडबॅक आणि अतिशय काळजीनं गुंडाळलेला आउटपुट ट्रान्सफॉर्मर. जगभरच्या हौशी लोकांनी तो घरी बांधला. अशा मशीनला आजचेही पुष्कळ स्पीकर चालतात. म्हणून ज्याच्याकडे स्पीकर आधीच आहेत आणि बदलायचे नाहीत, त्यानं या जातीचं पंधरा-वीस वॅटचं मशीन घ्यावं. ज्याला एकाच व्हॉल्व्हचं, कमी फीडबॅकचं, चार-दोन वॅटचं मशीन हवं आहे, त्यानं स्पीकर निवडताना फार चोखंदळ असावं. ओहमचा आलेख शक्य तितका सपाट, चारच्या खाली न उतरणारा, आणि संवेदनशीलता नव्वदीच्या वर. बीबीसीनं 1970 च्या दशकात आपल्या प्रसारण गाड्यांसाठी एलएस3/5ए नावाचा छोटा स्पीकर बनवला. त्याची संवेदनशीलता अगदी कमी, 82-83. तरी व्हॉल्व्हवाले त्याच्यावर जीव टाकतात. याचं एक कारण असं की तो मुळात 15 ओहमचा होता. जास्त ओहमचा स्पीकर व्हॉल्व्हला हलका जातो. लहान खोली, जवळची बैठक आणि माणसाचा आवाज, एवढ्यापुरती ती जोडी अप्रतिम आहे.

आवाज नुसत्या व्हॉल्व्हचा नसतो, याचा एक दाखला. बॉब कार्व्हर या अमेरिकी अभियंत्यानं 1985 मध्ये 'स्टिरिओफाइल' मासिकाच्या संपादकांना एक आव्हान दिलं होतं. तुम्ही सांगाल त्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरसारखं माझं ट्रान्झिस्टरचं मशीन वाजवून दाखवतो. त्यांनी एक महागडा व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर समोर ठेवला, कार्व्हरनं आपल्या मशीनचं वागणं जुळवत जुळवत त्याच्याशी मिळतं केलं, आणि ऐकणाऱ्यांना दोन्हींत फरक सांगता येईना. व्हॉल्व्हच्या भक्तांना ही गोष्ट आवडत नाही. मला आवडते. जादू काचेच्या नळीत नाही, स्पीकरशी होणाऱ्या तिच्या व्यवहारात आहे, हेच तिच्यातून दिसतं. मग मी व्हॉल्व्ह का वापरतो? कारण तो व्यवहार मला व्हॉल्व्हमध्ये हाताळता येतो. ट्रान्सफॉर्मर मेहकरात गुंडाळता येतो, चिप येत नाही.

इथे दुसरी मंडळी येतात, मोटार वाइंडिंगवाले. विहिरींवरच्या आणि बोअरवरच्या जळलेल्या मोटारी सोयाबीननंतर रब्बीच्या ओलिताच्या दिवसांत त्यांच्या दारात रांगेनं पडलेल्या असतात. त्यातल्या एका काकांनी माझ्या मशीनचे ट्रान्सफॉर्मर गुंडाळले. मोटारीपेक्षा हे काम कितीतरी नाजूक, केसासारखी तार आणि हजारो वेढे. प्रायमरी एकसलग गुंडाळून वर सेकंडरी चढवली तर वरच्या पट्टीतले सूर मार खातात. म्हणून प्रायमरीचा एक थर, मग सेकंडरी, पुन्हा प्रायमरी, असं घड्या घालत जावं लागतं. एकाच व्हॉल्व्हच्या मशीनमध्ये प्रायमरीतून सतत एकाच दिशेनं प्रवाह वाहतो. त्यानं लोखंड चुंबकानं भरून जाऊ नये म्हणून पट्ट्यांच्या दोन भागांमध्ये कागदाची फट ठेवतात. मी हे समजावून सांगितलं तेव्हा काकांनी हातातली पट्टी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "म्हंजे चोकवानी. मंग सांगा ना तसं." ट्यूबलाइटच्या चोकात अशीच फट असते. पुढचं मला काही सांगावं लागलं नाही.

माझ्या मशीन-स्पीकरच्या जोडीची परीक्षा मी तीन ध्वनिमुद्रणांवर घेतो. पहिलं वसंतराव देशपांडे यांचं. ते विदर्भातलेच, मूर्तिजापूरला 1920 मध्ये जन्मलेले. त्यांचं 'कट्यार काळजात घुसली' हे नाटक 1967 चं. त्यांची तान इतक्या वेगानं आणि इतक्या अनपेक्षित जागी वळते, की कोनाला आवरणारं कुणी नसेल तर सुरावर सूर चढतो आणि तानेचा चिखल होतो. रेडिओचा तो भारदस्त घुमारा इथे शत्रू ठरतो. आतला रोध साठवरून अडीचवर आणला की प्रत्येक सूर स्वतंत्र उभा राहतो. निवेदकाच्या आवाजासाठी ज्याच्यावर प्रेम केलं, ते गायकासाठी सोडावं लागलं.

दुसरी आणि तिसरी तबकडी आमच्या जिल्ह्याच्या. हे लिहिताना मला अभिमान वाटतो आणि तो मी लपवत नाही. गायक जी. एन. जोशी घाटाखालच्या खामगावचे. ना. घ. देशपांडे आमच्या मेहकरचे, इथे वकिली करत कविता लिहिणारे, पुढे 'खूणगाठी' या संग्रहासाठी 1986 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेले. ना. घं.ची 'शीळ' ही कविता जोशींनी 1930 च्या दशकाच्या आरंभी गायली, तिची तबकडी निघाली, आणि मराठी भावगीताच्या वाटचालीत तिला पहिलेपणाचा मान दिला जातो. 1925 पासून ध्वनिमुद्रण विजेवर आलं होतं, म्हणजे गायकाचा आवाज तबकडीवर कोरला जाण्याआधीच व्हॉल्व्हमधून जाऊन आलेला होता. ऐकणारे मात्र बहुतेक चावीच्या फोनोवर ऐकत. तिथे वीज नाही, व्हॉल्व्ह नाही, नुसती सुई, पडदा आणि कर्णा. पुन्हा कर्णाच! तबकडीत कोरलेल्या खाचेची हालचाल एवढ्या बळावर अंगणात ऐकू जायची. एका जुन्या घरात जपून ठेवलेली ती तबकडी मी जाड सुई लावून माझ्या मशीनवर ऐकली. लाखेच्या तबकडीवर वरचे सूर मुळातच थोडके असतात, खालचेही. जे आहे ते सगळं मधल्या पट्टीत, नेमकं तिथे, जिथे आठ इंची कागदी कोन एकट्यानं, क्रॉसओव्हरच्या मध्यस्थीशिवाय बोलतो. जोशींचा तरुण आवाज खरखरीच्या पुढे येऊन उभा राहिला. मोठ्या तीन-तीन स्पीकरांच्या आधुनिक पेटीवर हीच तबकडी मी ऐकली आहे. तिथे खरखर वेगळी, आवाज वेगळा, असा दोन ठिकाणांहून येतो.

हेच जी. एन. जोशी पुढे एचएमव्हीत ध्वनिमुद्रण पाहू लागले, आणि 1967 ची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांची तबकडी त्यांच्याच देखरेखीखाली झाली. संतूरचा आघात ही ट्रान्सफॉर्मरची सगळ्यात कठीण परीक्षा. थरांच्या घड्या नीट पडल्या नसतील तर मेझराबीचा तो टोकदार पहिला क्षण बोथट होतो. काकांच्या ट्रान्सफॉर्मरवर तो टोकदार आहे. काब्रांच्या गिटारचा खालचा सूर मात्र माझ्या जोडीवर थोडा हलका येतो, आणि चित्रपटाचा मोठा वाद्यवृंद पूर्ण जोरात लावला तर पाच वॅट संपलेले कळतात. ज्याला तेच ऐकायचं आहे त्याला मी ही जोडी सुचवत नाही. उन्हाळ्याचंही आहेच. पारा चाळिशीपार गेला की खोलीत आणखी एक शेगडी कुणाला नको असते, आणि एकाच व्हॉल्व्हचं मशीन गाणं चालू असो वा नसो, सारखंच तापतं. त्या दिवसांत ते रात्री दहानंतरच चालू होतं. आमच्याकडे रात्री विजेचा दाबही चढतो, म्हणून मशीनच्या आधी स्टॅबिलायझर लावावा. 6.3 व्होल्टवर जगणाऱ्या फिलामेंटला सात व्होल्ट मिळत राहिले तर व्हॉल्व्हचं आयुष्य झपाट्यानं घटतं.

अलीकडे जानेफळकडचा एक कॉलेजातला मुलगा येऊ लागला आहे. त्याला स्वतःचं व्हॉल्व्हचं मशीन बांधायचं होतं. सुट्या भागांची यादी घेऊनच आला, आणि स्पीकर म्हणून घरातले 4 ओहमचे, 84 डेसिबलचे छोटे खोके दाखवले. मी यादी बाजूला ठेवायला लावली आणि आधी स्पीकर शोधायला पाठवलं. भंगारवाल्याकडे एका मोडक्या रेडिओग्राममध्ये त्याला आठ इंची कागदी कोनाची जोडी मिळाली. कोनाच्या कडा शाबूत, कॉईल घासत नाही. मागचा शिक्का पुसलेला होता, म्हणून मल्टिमीटर लावला. कॉईलचा रोध 4 ओहमच्या जवळ, म्हणजे छापील आकडा 5 चा असणार, कारण मीटरवर दिसतो तो आकडा नेहमी थोडा कमीच असतो. आठच्या टोकावर पाचचा स्पीकर लावून भागवता आलं असतं, पण त्याचा ट्रान्सफॉर्मर अजून गुंडाळायचाच होता, तर भागवायचं कशाला?

काकांच्या दुकानात पत्र्याच्या दारावर खडूनं हिशेब मांडला. 5200 भागिले 5, म्हणजे 1040. वर्गमूळ 32 आणि वर थोडं. प्रायमरीचे 3000 वेढे धरले तर सेकंडरीचे 93. मुलानं तो आकडा वहीत लिहून घेतला आणि विचारलं, "काका, त्र्याण्णव नेमके मोजता येतील ना?" काका पानबुडी मोटारीच्या पोटातून जळकी तार ओढत होते. "त्र्याण्णव मोजतो रे बापू," ते म्हणाले, "पन मधात कागद कितीचा घालू ते सांग आधी."